डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच

मेडिकल कोडिंग करते म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "म्हणजे सॉफ्टवेअर का?" नाही. डॉक्टरांनी पेशंटच्या कागदावर जे निदान लिहिलेलं असतं, त्याला ठरलेल्या यादीतला कोड द्यायचा, हे आमचं काम. बिल त्या कोडवर निघतं, विम्याचा क्लेम त्या कोडवर मंजूर होतो किंवा अडतो, आणि कुठला आजार किती लोकांना आहे याची सरकारी आकडेवारीही त्यावरूनच तयार होते. मी जुळे सोलापुरातल्या घरात बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांचे चार्ट कोड करते, त्यातही जास्त करून डिप्रेशन आणि अँक्झायटीचे. हे काम शिकताना काय कळत गेलं आणि ते पुढे माझ्या मामांच्या कामाला कसं आलं, ते सांगायचं आहे.

याआधी मी बी. फार्म. करून होटगी रोडवरच्या एका औषधांच्या दुकानात काउंटरला होते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, क्लोनाझेपाम अशा डिप्रेशन-अँक्झायटीवरच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या रोज यायच्या. बीपीची नाहीतर शुगरची चिठ्ठी माणूस काउंटरवर उघडी टाकतो आणि शेजारच्याशी बोलत उभा राहतो. ही चिठ्ठी मात्र चार घड्या घातलेली, वरच्या खिशातून निघायची, आणि गोळ्यांची पिशवी हातात पडली की लगेच शर्टाच्या आत जायची. विड्या वळणाऱ्या एक मावशी दर महिन्याला यायच्या. त्यांना आपल्या आजाराचं नावच कुणी सांगितलेलं नव्हतं, त्या "झोपेच्या गोळ्या द्या" म्हणायच्या. चिठ्ठीवर निदानाची जागा कोरी. गोळ्या वर्षानुवर्षं चालू आणि आजाराचा उल्लेख कुठेच नाही, हे मला तेव्हाही खटकायचं. ती कोरी जागा किती महाग पडू शकते हे कळायला मला कोडिंग शिकावं लागलं.

क्लास ऑनलाइन होता. अमेरिकेत चालणाऱ्या आयसीडी-१०-सीएम या यादीत सत्तर हजारांहून जास्त कोड आहेत. पाठ करायचे नसतात, शोधायचे कसे ते शिकायचं असतं. सीपीसी, म्हणजे कोडरच्या सर्टिफिकेटची परीक्षा, पुस्तक उघडं ठेवूनच द्यायची असते, १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. रात्री उशिरापर्यंत त्या जाडजूड पुस्तकाला रंगीत चिकटपट्ट्या लावत बसायचे. वडील पाणी प्यायला उठले की दारातून विचारायचे, "काय वाचलालीस गं एवढं?"

पाचवं प्रकरण मानसिक आजारांचं, सगळे कोड ‘एफ’ने सुरू होणारे. हाड मोडलं तर कोणतं, डावं की उजवं, जोडलं जातंय की नाही, हे एक्स-रेवर दिसतं. शुगरला रिपोर्ट असतो. इथे तसलं काही हाताला लागत नाही. समोर बसलेल्या माणसाशी बोलून डॉक्टरांनी जे वाक्य लिहिलं, तोच पुरावा. म्हणून या प्रकरणात एकेका शब्दाला वजन आहे.

एफ ३२ म्हणजे डिप्रेशनचा पहिलाच झटका, एफ ३३ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं डिप्रेशन. पॉइंटच्या पुढचा आकडा तीव्रता सांगतो. एफ ३२.० सौम्य, एफ ३२.१ मध्यम, एफ ३२.२ तीव्र, आणि तीव्रतेबरोबर भास किंवा भ्रम असतील तर एफ ३२.३. डॉक्टरांनी यातलं काहीच न लिहिता नुसतं ‘डिप्रेशन’ लिहिलं तर एफ ३२.ए. हा शेवटचा कोड १ ऑक्टोबर २०२१ पासून आला. त्याआधी नुसतं ‘डिप्रेशन’ लिहिलेला माणूससुद्धा एफ ३२.९ मध्ये, म्हणजे ‘मेजर डिप्रेसिव्ह डिसऑर्डर’च्या खात्यात जात होता. डॉक्टरांनी ज्याला मेजर म्हटलंच नाही, त्याच्या नावापुढे कायमचं मेजर लागायचं. एक अक्षर वाढवून ती चूक दुरुस्त केली, हे मला फार चांगलं वाटलं.

मला सगळ्यात जड गेला तो पीएचक्यू-९चा नियम. हा नऊ प्रश्नांचा तक्ता आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन किती वेळा उदास होतं, झोप कशी होती, भूक कशी होती, जगणं नको असं वाटलं का, असे प्रश्न आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज २७ पर्यंत जाते. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम ते तीव्र आणि वीसपासून तीव्र. सरावाच्या चार्टमध्ये बेरीज होती २१, आणि खाली डॉक्टरांचं निदान एकच शब्द, ‘डिप्रेशन’. मी शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं, एफ ३२.२ द्यायचा ना? त्या म्हणाल्या, "नाही. एफ ३२.ए. तो माणूस तुझ्यासमोर बसला होता का?"

मला ते पटायला वेळ लागला. माणूस एवढा खचलेला समोर दिसतोय आणि आपण त्याला ‘अनिर्दिष्ट’ म्हणून सोडायचं? पण पुढे वाचत गेले तसं कारण लक्षात आलं. तो तक्ता चाळणीसाठी आहे. थायरॉइड बिघडलेल्या माणसाची बेरीजही वर जाते, नुकतंच घरातलं माणूस गेलेल्याचीही जाते. त्यातून डिप्रेशन आहे का, असेल तर किती, हे ठरवायला शिकलेलं आणि समोर बसलेलं माणूस लागतं. कोडरने बेरजेवरून तीव्रता लावली तर त्याने न पाहिलेल्या पेशंटचं निदान केल्यासारखं होतं.

अँक्झायटीचं असंच. एफ ४१.० पॅनिक, म्हणजे अचानक येणारे धडधडीचे झटके. एफ ४१.१ जनरलाइज्ड अँक्झायटी, म्हणजे निदान सहा महिने सतत पोखरणारी काळजी. नुसतं ‘अँक्झायटी’ लिहिलं तर एफ ४१.९. एखाद्या मोठ्या धक्क्यानंतर, नोकरी गेल्यावर किंवा संसार मोडल्यावर दोन्ही लक्षणं दिसली आणि डॉक्टरांनी तसं नातं लिहिलं, तर तो वेगळ्याच घरातला एफ ४३.२३. डॉक्टरांनी डिप्रेशन आणि अँक्झायटी ही दोन निदानं स्वतंत्र लिहिली तर दोन कोड. ‘अँक्झायटी डिप्रेशन’ असं एकच निदान म्हणून लिहिलं तर एफ ४१.८. ओपीडीच्या कागदावर ‘शक्यता’, ‘संशय’ असं लिहिलं असेल तर ते निदान धरायचंच नाही, लक्षणांचा कोड द्यायचा.

मग अडलं तर काय करायचं? डॉक्टरांना विचारायचं. याला आमच्यात ‘क्वेरी’ म्हणतात आणि ती लिहिण्याचीही शिस्त आहे. "हे तीव्र डिप्रेशन आहे ना?" असं विचारता येत नाही, कारण त्यात उत्तर आपणच डॉक्टरांच्या तोंडात घालतो. चार्टमध्ये काय काय नोंदलंय ते मांडायचं, सौम्य, मध्यम, तीव्र, अन्य, सांगता येत नाही, असे सगळे पर्याय द्यायचे आणि गप्प बसायचं. त्या कोडमुळे किती पैसे मिळतील याचा उल्लेखही क्वेरीत करायचा नाही. पैशाचा मोह तिथे खराच असतो. अमेरिकेत वयस्कर लोकांच्या सरकारी विम्यात पेशंट किती आजारी आहे यावर विमा कंपनीला पैसे मिळतात, आणि ते आजारपण कोडवरून मोजलं जातं. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या नव्या पद्धतीत सौम्य डिप्रेशनला त्या हिशेबातून वगळलंय, मध्यम आणि तीव्र राहिलंय. म्हणजे ‘सौम्य’चं ‘मध्यम’ करण्यात कुणाचा तरी फायदा आहे. म्हणूनच क्वेरीची ही शिस्त मला पूजेच्या सोवळ्याइतकी कडक वाटते, आणि तशीच असावी असं माझं मत आहे.

खऱ्या चार्टमधलं मी काही सांगणार नाही. ती माणसं मला ओळखत नाहीत, पण मी त्यांचं सगळ्यात आतलं वाचलेलं असतं.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं आहे, असं मी धरून चालले होते. मग मामा आजारी पडले.

मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात दिवाणजी आहेत. हिशेबाला पक्के, बोलायला कमी. आधी त्यांची झोप गेली. पहाटे तीनला उठून अंगणात फेऱ्या मारायचे. मग छातीत धडधड सुरू झाली म्हणून हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी झाला, टू-डी इको झाली, सगळं नॉर्मल. घरच्यांना हायसं वाटलं, मामांना मात्र नाही. जेवण सुटत गेलं. ज्या घरात कडक भाकरी आणि शेंगाचटणीशिवाय जेवण पुरं होत नाही, तिथे मामा ताटावरून उठून जायला लागले. वजन उतरलं. एका रात्री ते मामींना म्हणाले, "माझं काय उरलंय आता, तुम्ही तुमचं बघा." मामी घाबरल्या आणि त्यांनी मला फोन केला. मी त्यांना टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिला. ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, मराठीत बोलता येतं. तिकडच्या बाईंनी मामींचं नीट ऐकून घेतलं, मामांना एकटं ठेवू नका आणि उद्याच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दाखवलं आणि त्याच दिवशी मामा ॲडमिट झाले. दाखल होण्याच्या कागदावर त्यांनी स्वतः सही केली. मला ते महत्त्वाचं वाटलं.

उपचारांचा गुण आला. डिस्चार्ज मिळाला, मामा घरी आले. सगळ्या घराची मिळून एक फॅमिली फ्लोटर पॉलिसी बऱ्याच वर्षांपासून होती, तिचा क्लेम टाकला. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, पत्र आलं की नमूद आजाराचे उपचार ओपीडीत शक्य होते, दाखल करण्याची गरज सिद्ध करावी. मामींनी ते पत्र वाचून पहिलं वाक्य काय म्हणावं? "बघ, वेडाच्या आजाराला विमा नसतो म्हणतात ते खरंच की." ते खरं नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २१(४) प्रमाणे शारीरिक आजाराला ज्या धर्तीवर विमा मिळतो, त्याच धर्तीवर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. पण टीपीएच्या पत्रात आजार मानसिक आहे म्हणून पैसे नाहीत असं कुठेच नव्हतं. त्यांचा मुद्दा दुसराच होता, तो समजून घ्यायला डिस्चार्ज कार्ड बघणं भाग होतं.

मी कार्ड मागवलं. वरच्या रकान्यात इंग्रजीत निदान, ‘सिव्हिअर डिप्रेसिव्ह एपिसोड विथ अँक्झायटी सिम्प्टम्स’. त्याच्यासमोर छापलेला कोड, एफ ४१.२.

हा कोड माझ्या पुस्तकात नाही. अमेरिकन यादीत एफ ४१.१ नंतर थेट एफ ४१.३ येतो. पण आपल्याकडचे डॉक्टर जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आयसीडी-१० वापरतात आणि तिच्यात एफ ४१.२ आहे, ‘मिश्र चिंता आणि अवसाद विकार’. मी संघटनेचं वर्णन उघडून वाचलं आणि टीपीएचं पत्र का आलं ते एका क्षणात उलगडलं. हा कोड कधी द्यायचा, तर चिंता आणि उदासी दोन्ही आहेत, पण एकेकटं पाहिलं तर कुठलंच स्वतंत्र निदान करण्याइतकं तीव्र नाही, तेव्हा. डिप्रेशनचं निदान करण्याइतकी लक्षणं पुरी असतील तर हा कोड लागतच नाही. म्हणजे शब्द सांगत होते की माणूस तीव्र आजारी आहे आणि कोड सांगत होता की फारसं काही नाही. टीपीएच्या माणसाने कोड पाहिला. त्या कोडच्या माणसाला ॲडमिट का केलं, हा त्याचा प्रश्न कोडपुरता बरोबरच होता.

इथे मला मोह झाला, हे सरळ सांगते. डॉक्टरांकडे जावं आणि म्हणावं, सर, एफ ३२.२ करून द्या. भाची म्हणून जीभ तिथेच वळत होती. पण रोज ज्या नियमाने परक्या देशातल्या माणसांचे चार्ट हाताळते, तो नियम घरच्या माणसाला लावायचा नाही तर कुणाला? मी मामांच्या नावाने एका कागदावर अर्ज लिहिला. डिस्चार्ज कार्डच्या मजकुरात अमुक निदान आहे आणि कोड अमुक आहे, दोन्हींचा अर्थ वेगळा होतो, आपलं अंतिम निदान कोणतं ते कृपया स्पष्ट करावं. एवढंच. क्लेमचा उल्लेख नाही. सोबत केसपेपरच्या प्रती मिळाव्यात ही विनंती, कारण त्याच कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पेशंटला स्वतःच्या नोंदी मागण्याचा हक्क आहे. हक्क मामांचा, म्हणून सही मामांचीच हवी होती. त्यांनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "हा कोड मालकाला कळतो का गं?" त्यांच्या मनात खरी भीती ती होती. पॉलिसी त्यांची स्वतःची, कारखान्याची नव्हे, त्यामुळे कागद विमा कंपनीकडे जातात, कारखान्याकडे नाही, आणि मानसिक आजाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्क कलम २३ मध्ये आहे, हे सांगितल्यावर त्यांनी सही केली.

डॉक्टरांनी भेट दिली ती ओपीडी संपल्यावर. अर्ज वाचला, कार्ड वाचलं आणि कपाळाला हात लावला. त्यांनी वॉर्डात निदान सांगितलं होतं, टाइप करणाऱ्याने ते शब्दशः टाइपही केलं होतं, पण कोडच्या रकान्यात संगणक नेहमी वापरात असलेले कोड वर दाखवतो. ‘डिप्रेशन’ आणि ‘अँक्झायटी’ हे दोन शब्द दिसले म्हणून दोन्ही नावं असलेला कोड निवडला गेला होता. ओपीडीत त्यांच्याकडे हाच कोड जास्त लागतो, असं ते म्हणाले. मी विचारलं, "मग तुमचं निदान काय धरायचं सर?" ते म्हणाले, "एफ ३२.२. डिप्रेशन पुरतं तीव्र होतं. अँक्झायटी त्याच्या सोबत होती, तिला वेगळं निदान करायची गरज मला वाटली नाही." मग त्यांनीच समजावलं की दोन्हीपैकी एकच नोंदवायचं झालं तर डिप्रेशनला आधी धरायचं, असंही जागतिक संघटनेच्या पुस्तकात सांगितलेलं आहे. नव्या आयसीडी-११ मध्ये तर हा मिश्र विकार अँक्झायटीच्या घरातून उचलून डिप्रेशनच्या घरात ठेवलाय, ६ए७३ म्हणून. आमच्या कामात रोज यादी बघणारी मी आणि रोज पेशंट बघणारे ते, अर्धा तास त्या एका कोडवर बोलत बसलो. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला.

त्यांनी जुन्या कार्डवर खाडाखोड केली नाही. वेगळ्या कागदावर दुरुस्तीची टीप लिहिली, आधीचा कोड काय छापला गेला, योग्य कोड काय, तारीख, वेळ, सही, शिक्का. असंच करायचं असतं. केसपेपरमध्ये दाखल केलं त्या रात्रीची नोंद होती, त्यात जेवण बंद, वजन घटलेलं, जीवाचं बरंवाईट करण्याचे विचार, सतत देखरेखीची गरज, सगळं डॉक्टरांच्या हस्ताक्षरात होतं. दाखल करण्याची गरज त्या रात्रीच लिहिली गेली होती. कोडने ती झाकली होती.

टीप, केसपेपरच्या प्रती आणि कलम २१(४) चा उल्लेख असलेलं साधं पत्र, असं सगळं पाठवलं. तरी नाकारलं तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जायची तयारी ठेवली होती. तशी वेळ आली नाही. हातमोजे, रजिस्ट्रेशन अशा नेहमीच्या बाबी कापून बाकी रक्कम मामांच्या खात्यात आली.

या निमित्ताने नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे कागद माझ्याकडे यायला लागले आहेत. मी सगळ्यांना एकच गोष्ट बघायला सांगते. दवाखान्यातून निघायच्या आधी, बिल भरायच्या गडबडीत असलात तरी, डिस्चार्ज कार्डवरचं निदान आणि त्याच्यासमोरचा कोड एकमेकांशी जुळतो का ते डॉक्टरांना विचारा. आजार कधीपासून आहे हेही नीट लिहून घ्या, कारण क्लेमच्या वेळी पुढचा प्रश्न तोच असतो. नंतर केलेली दुरुस्ती चालते, पण तिला फेऱ्या लागतात.

मामा आता कामावर जातात. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी करायच्या आहेत. मध्यंतरी फॉलोअपला मी बरोबर गेले होते, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "हा एफ ३२.२ माझ्या कागदावर कायमचा राहणार का?" प्रश्न अगदी योग्य होता. माझ्या अमेरिकन यादीत पहिल्या झटक्यातून अर्धवट सावरलेल्याला एफ ३२.४ आणि पूर्ण सावरलेल्याला एफ ३२.५ असे कोड आहेत. जागतिक संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये पहिल्या झटक्याला तशी जागा नाही, आयसीडी-११ मध्ये केली आहे. मी तसं म्हटल्यावर डॉक्टरांनी पेन उचललं आणि फॉलोअपच्या कागदावर कोडच्या खाली तारीख घालून शब्दांत लिहिलं की सध्या लक्षणं नाहीत, झोप आणि भूक पूर्ववत, कामावर नियमित. मामांनी तो कागद तिथेच पूर्ण वाचला, फाईलमध्ये लावला आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारून घेतली.